आईला घेऊन आळंदी ते पंढरपूर पायी जायचंय, वय ६६, शुगर आहे, कसं ठरवू?

गव्हाची_लोंबी:

राम कृष्ण हरी मंडळी. पोस्ट मोठी होणार आहे, पण वेळ काढून वाचा, मला खरंच मदत हवीये.

माझे बाबा मार्गशीर्षात गेले. अकरा वर्षं ते माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालले, गावातल्या चार-पाच माळकऱ्यांसोबत. आई एकदाही गेली नाही. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, आषाढ म्हणजे पेरणी झालेली, दारात दोन म्हशी, त्यात आजी सात वर्षं अंथरुणाला खिळलेली. आईची वारी म्हणजे एक दिवस एसटीने लोणंदला जायचं, बाबांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची, लांबूनच पालखीला हात जोडायचे आणि संध्याकाळच्या धारेला परत घरी.

आता आजी नाही, बाबा नाहीत, म्हशीही विकल्या. परवा फोनवर सहज म्हणाली, "औंदा मी जाईन म्हणते." मी म्हटलं लोणंदला ना, तर म्हणाली, "न्हाय गं, आळंदीपास्नं." त्यावर मला पटकन काही बोलताच आलं नाही.

तर आई ६६ वर्षांची. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. बीपीची एक गोळी. डावा गुडघा जिना उतरताना दुखतो, सपाटीवर नाही. शेतात आयुष्य गेलंय त्यामुळे काटक आहे पण गेली दोन वर्षं चालणं कमी झालंय. मी ३८, पुण्यात नोकरी, दिवसभर खुर्चीत. मला जास्तीत जास्त १४ दिवस सुट्टी मिळेल, त्याच्या वर एक दिवस नाही, विचारून झालंय. दादा गावी असतो, त्याचं म्हणणं की तो गाडी घेऊन बरोबर येईल, आई चालेल तेवढं चालेल आणि रात्री लॉजवर झोपवू. आईला हे अजिबात मान्य नाही.

माझे प्रश्न: दिंडीत जायचं की आपलं आपण? १४ दिवसांत कसं बसवायचं? रात्री झोपायची, अंघोळीची, संडासची सोय बायकांसाठी खरी कशी असते? बूट की चप्पल? वाटेत एकादशी येते का, आणि तिने उपवास धरला तर शुगरचं काय? आणि या सगळ्याच्या आधी, मी तिला नेणं बरोबर आहे का? बाबांच्या पाठोपाठ तिला काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

टाळकरी:

ताई, राम कृष्ण हरी. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी १४ वर्षं माउलींबरोबर चालतोय, आमची दिंडी पालखीच्या रथामागे आहे. एकेक सांगतो.

आपलं आपण जाऊ नका. तरुण पोरं जातात मोकळी, कुठेही ताडपत्री टाकून झोपतात, पण आईंना घेऊन नाही. दिंडीत नाव नोंदवा. प्रत्येक दिंडीची भिशी, म्हणजे खर्चाची वर्गणी, ठरलेली असते, ती भरली की सकाळचा चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, तंबू, सामानासाठी ट्रक आणि पाण्याचा टँकर ही दिंडीची जबाबदारी. रक्कम प्रत्येक दिंडीची वेगळी असते, फोन करून विचारा. आणि मुख्य म्हणजे तुमच्या वडिलांची दिंडी असताना दुसरी शोधायचीच कशाला? ज्या माणसांनी अकरा वर्षं त्यांच्या पंगतीला बसून खाल्लंय ती माणसं तुमच्या आईंना परकं समजणार नाहीत. दिंडीचालकांना आजच फोन लावा, पाडव्यानंतर जागा भरत जातात.

आता अंतरं. पूर्ण वाट साधारण २५० किलोमीटर, ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून प्रस्थान आणि आषाढी एकादशीला पंढरपूर, म्हणजे १७-१८ दिवस. पुण्यात दोन मुक्काम, सासवडला दोन, मग जेजुरी, वाल्हे, नीरा नदीत पादुकांना स्नान घालून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. तिथीची वाढ किंवा क्षय असेल तर मुक्काम एखादा कमीजास्त होतो, त्यामुळे यंदाचं छापील वेळापत्रक आलं की तेच धरा. यंदा अधिक ज्येष्ठ आहे म्हणून आषाढी एकादशी २५ जुलैला आलीये, गेल्या वर्षी ६ जुलैलाच होती. म्हणजे पाऊस यंदा चांगला लागलेला असणार, त्या तयारीने या.

सगळ्यात मोठी चाल पुणे ते सासवड, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यातच दिवे घाट. रथाला तिथे जादा बैलजोड्या लावतात यावरून चढ समजून घ्या. आणि हाच दिवस बहुतेक वेळा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो, म्हणजे सगळ्यात लांब चालायचं ते उपवासाच्या पोटी. आईंचा हा एक दिवस नीट पार पडला तर पुढची वारी सोपी. दुसऱ्या दिवशी सासवडला विश्रांती मिळते. पुढे जेजुरी सोळा-सतरा, वाल्हे बारा, तरडगाव आठेक किलोमीटर, मग फलटणपासून भंडीशेगावपर्यंत रोज १८ ते २१ धरून चाला.

रोजचा क्रम सांगतो म्हणजे अंदाज येईल. पहाटे तीनला उठायचं, टँकरवर अंघोळ, चहा, पाचपर्यंत सामान ट्रकमध्ये गेलं पाहिजे कारण ट्रक पुढच्या मुक्कामी आधी जाऊन तंबू ठोकतात. सहा-साडेसहाला रथ हलतो. मधे विसावे, दुपारचं जेवण, संध्याकाळी तळावर समाजआरती, मग जेवण, कीर्तन. झोपायला दहा वाजतातच. पाय दुखण्यापेक्षा झोप कमी पडते त्याचाच त्रास जास्त होतो, हे कुणी आधी सांगत नाही. आईंनी दुपारच्या विसाव्याला अर्धा तास तरी पाठ टेकायचीच.

आणि एक, गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड पाहिजेच. नाव, दोन फोन नंबर, कुठली औषधं चालू आहेत आणि दिंडी क्रमांक. नुसता क्रमांक नाही, रथापुढे की रथामागे तेही लिहा, कारण दोन्हीकडे क्रमांक एकपासूनच सुरू होतात. कितीतरी म्हाताऱ्या माणसांना मी उलट्या दिशेला चालत गेलेलं पाहिलंय.

ओवी:

मी नर्स आहे, पाच वर्षं वारीच्या वाटेवर सेवेला असते. शुगरबद्दल लिहिते.

पहिलं म्हणजे आत्ताच डॉक्टरांकडे जा, जूनमध्ये नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर, किडनी, ईसीजी, आणि पायाच्या संवेदना तपासून घ्या. संवेदनांची तपासणी विसरू नका. शुगरमुळे पायाची जाणीव कमी झालेली असते आणि ते माणसाला कळतही नाही. अशा पायाला खडा टोचला, फोड आला तरी दुखत नाही, माणूस चालतच राहतो आणि आमच्याकडे येतो तेव्हा जखम चांगलीच खोल गेलेली असते. तुमच्या आईंची जाणीव शाबूत असेल तर निम्मी काळजी मिटली. नसेल तर डॉक्टर काय म्हणतात ते ऐका, मग भावना मधे आणू नका.

अनवाणी चालू देऊ नका, एक पाऊलही नाही, बाकी बायका चालतात म्हणूनसुद्धा नाही. बूट पायापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या कारण दुपारपर्यंत पाय सुजतात, आणि ते आत्ता घेऊन रोज घाला, वारीत नवे बूट म्हणजे फोड ठरलेलेच. सुती मोजे निदान पाच जोड, भिजले की लगेच बदलायचे. भिजलेल्या मोज्यांत दिवसभर चाललेला पाय रात्री पांढरा आणि मऊ पडतो, मग त्याची साल निघते. रोज रात्री झोपायच्या आधी तुम्ही स्वतः बॅटरी लावून तिचे तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. ती म्हणेल काही नाही गं झोप आता, तरी बघायचे. फोड आला तर सुईदोरा घालून फोडायचा नाही, वाटेवर हा उपाय सगळे सांगतात, शुगरवाल्यांनी करायचा नाही.

एकादशीचं. उपवास धरायचा आणि गोळी नेहमीचीच घ्यायची, वर तीस किलोमीटर चालायचं, याने साखर एकदम खाली येऊ शकते. कुठली गोळी त्या दिवशी कमी करायची किंवा टाळायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, सगळ्या गोळ्यांचं सारखं नसतं. साबुदाण्याने साखर आधी चढते आणि पोटाला आधार टिकत नाही, त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी, मूठभर शेंगदाणे बरे. कमरेच्या पिशवीत ग्लुकोज पावडर नाहीतर साधी साखर कायम हवी. घाम फुटला, हात थरथरायला लागले, चिडचिड व्हायला लागली की आधी साखर तोंडात टाकायची, बाकीचं नंतर.

याच्या उलटाही त्रास असतो. वाटेवर गावोगाव लोक केळी, लाडू, राजगिऱ्याची वडी, पाकासारखा गोड चहा हातात देतात आणि प्रसादाला नाही म्हणवत नाही. कपाळाला लावायचं आणि पिशवीत टाकायचं, मागून चालणाऱ्या पोरांना द्यायचं. आईंना हे आधीच सांगून ठेवा.

गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, पूर्ण साठा एका ट्रकमध्ये नको. साखर तपासायच्या पट्ट्या घट्ट झाकणाच्या डबीत, दमट हवेत खराब होतात. फिरते दवाखाने, १०८ च्या गाड्या वाटेवर असतात, त्यामुळे उपचार मिळणार नाहीत ही भीती बाळगू नका.

कोरडा_ओढा:

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो लिहिलाच पाहिजे असं वाटलं.

मी सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, वय ७०. शुगर वगैरे काही नाही, माणूस पोलादी. दिवे घाट त्यांनी माझ्या आधी चढला. सासवडला रात्री बूट काढले तर मोजा टाचेला चिकटलेला, रक्त सुकलेलं. पुण्याच्या आधीपासून फोड होता आणि त्यांनी दोन दिवस मला सांगितलं नाही. का, तर मी परत फिरवीन म्हणून. तिसऱ्या दिवशी जेजुरीत ताप आला, पाय सुजला, तिथून गाडी करून घरी आणलं आणि पुढे तीन आठवडे ड्रेसिंग चालू होतं. ते माझ्यावर चिडले नाहीत, पण त्या परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले, रस्त्याच्या त्या बाजूने दिंड्या पुढे चालल्या होत्या, आणि आमच्यात दीड तास एक शब्द झाला नाही.

चूक माझी होती. आम्ही घरून निघताना "काहीही झालं तरी पूर्ण करायची" असं बोलून निघालो होतो. एकदा तसं बोलून ठेवलं की म्हातारं माणूस दुखणं लपवतं. तुम्ही उलट बोलून निघा. पाय दुखला तर एक टप्पा दिंडीच्या गाडीत बसायचं, दुसऱ्या दिवशी परत चालायचं, त्यात कमीपणा नाही, हे आईंच्या तोंडून वदवून घ्या. ट्रकमध्ये बसून पुढच्या मुक्कामी गेलेली माउली वारीच करत असते. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी अर्धी करा. लोणंद किंवा फलटणपासून पंढरपूर. घाटही टळतो आणि सुट्टीतही बसतं.

गव्हाची_लोंबी:

सगळ्यांचे मनापासून आभार. कोरडा_ओढा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण बरं झालं लिहिलंत.

शनिवारी गावी गेले होते. आईला तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. अर्धी वारीचं ऐकून काही बोलली नाही, उठून माळ्यावर गेली आणि बाबांची पडशी घेऊन आली. तिच्यात बुक्क्याची डबी, गोपीचंदनाचा तुकडा, फुलपात्र, मेणकापड, दोरीचं भेंडोळं, सुई-दोरा, एका प्लास्टिकच्या पिशवीत ओव्याची पुरचुंडी. आणि कॅलेंडरच्या पानामागे पेनाने लिहिलेली यादी, बाबांचं अक्षर, पण खाली खाली आईने पेन्सिलने भर घातलेली. "बनियन ४ नको ५, वाळत न्हाईत." "सोलापूर हद्दीत ऊन, टोपी." "खोबरेल छोटी बाटली, मोठी सांडते." दर वर्षी ते परत आले की ती विचारायची काय कमी पडलं, काय उगाच नेलं, आणि पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवायची. मला हे माहीतच नव्हतं.

मी यादी वाचत होते तर म्हणाली, "त्यांची पिशवी मी अकरा वर्षं भरली. आता माझी भरायची तर अर्ध्या वाटंची कशापायी भरू?"

म्हणजे मी इथे जे विचारत बसलेय त्यातलं निम्मं तिला घरबसल्या ठाऊक आहे. कुठल्या मुक्कामाला चिखल असतो, कुठे पाणी गढूळ येतं, बरडला वारा कसा सुटतो. मी तिला नेणार असं मी समजत होते. आता तसं म्हणवत नाही.

दिंडीचालकांना तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. बाबांचं नाव सांगितलं तर ते थोडा वेळ गप्पच झाले, मग म्हणाले, "वहिनी येतायत? त्यांची चटणी आम्ही सगळ्यांनी खाल्लीये." दिंडीत चाळीसेक बायका असतात, वेगळा तंबू असतो म्हणाले.

राहिला प्रश्न सुट्टीचा. आणि बायकांच्या सोयीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, ते प्लीज कुणीतरी लिहा.

नाचणीची_भाकरी:

बायकांच्या सोयीचं मी लिहिते, तीन वेळा गेलेय, दोनदा सासूबाईंबरोबर.

आता मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालयं रांगेने लावलेली असतात, पूर्वीपेक्षा खूप फरक पडलाय. पण पहाटे चारनंतर गर्दी आणि घाण दोन्ही वाढतं, म्हणून तीनच्या आधी उरकायचं. बॅटरी, स्वतःचा टमरेल आणि साबणाचा कागद जवळ पाहिजे. वाटेत चालताना मात्र पंचाईत होते, आणि त्यामुळे बायका पाणीच पीत नाहीत. सासूबाईंनी हेच केलं आणि वाल्ह्याला लघवीला जळजळ सुरू झाली. आईंना पाणी पिऊ दे, शुगर असताना तर नक्कीच, आणि वाटेवरच्या घरांत विचारायला लाजू नका. आमच्यासाठी किती अनोळखी घरांनी न्हाणीघर उघडून दिलंय, वर गरम पाणी काढून दिलंय.

अंघोळ टँकरच्या नळाखाली, साडीवरच. आडोशासाठी एक जुनी सुती साडी आणि चार मोठ्या सेफ्टी पिना न्या, दोघींनी धरली की झालं. नऊवारी किंवा सहावारी आईंना जी सवयीची ती नेसू दे, पण कापड सिंथेटिक घ्या, सुती साडी भिजली की जड होते आणि मांड्या घासतात. मांड्यांना आधीच खोबरेल नाहीतर व्हॅसलिन लावायचं. हे कुठल्याच यादीत नसतं, आणि चालणं पायापेक्षा यानेच थांबतं.

झोपताना खाली मेणकापड, त्यावर सतरंजी. तंबूत कडेची जागा घेऊ नका, पाऊस आला की पाणी तिथूनच आत येतं. मधली जागा पहिल्याच मुक्कामाला धरा, पुढे सगळे आपापल्या जागीच झोपतात.

माळशिरसकर:

राम कृष्ण हरी ताई. आमचं घर वाटेवर आहे, आमच्या आज्ज्यापासून एक दिंडी आमच्या अंगणात उतरते, आदल्या रात्री गल्लीतल्या सगळ्या बाया भाकरी थापायला आमच्याकडं असतात.

आमच्या भागाचं सांगतो. पुणं-सासवडला पाऊस तुम्हाला झोडपणार पण एकदा धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरलात की आभाळ कोरडं होतं पुष्कळदा, आणि ऊन लागतं. आता पालखी मार्ग चौपदरी काँक्रीटचा झालाय, चालायला जागा भरपूर झाली, चेंगराचेंगरी कमी झाली हे खरं, पण जुनी वडा-लिंबाची झाडं बरीच गेली आणि काँक्रीट दुपारी खालनं भाजतं. गुडघेदुखीवाल्यांनी काँक्रीट सोडून कडेच्या मातीनं चालावं, मऊ लागतं. छत्री उन्हालाबी पाहिजे.

अर्धी वारीवाल्या दादांचं म्हणणं चुकीचं नाही, पण आईंची इच्छा आळंदीपासून आहे तर माझ्या मते तुम्ही पोरांनी वाटून घ्या. आई दिंडीबरोबर पूर्ण चालतील, तुम्ही आणि तुमचे दादा आलटून पालटून बरोबर राहा. तुम्ही आळंदी ते सासवड, मग दादा येऊ द्या, लोणंद कोरेगावापासून जवळच आहे, आणि फलटणपासून परत तुम्ही. गाडी दादांच्या गावातच राहू द्या. वाटेवर खाजगी गाडी आणली तर ट्रॅफिकमधी ती एकीकडं आणि आई एकीकडं.

आणि रिंगण चुकवू नका. पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला, लोणंद-तरडगावच्या मधी. गोल रिंगणं आमच्या तालुक्यात, पुरंदावडे-सदाशिवनगरला, खुडूस फाट्याला. आधी पताकावाले पळतात, तुळशीवाल्या पळतात, विणेकरी पळतात, मग दोन अश्व. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नाही, तो माउलींचा. तो गेला की माणसं खाली वाकून टापेखालची माती कपाळाला लावतात. आईंना गर्दीच्या पुढच्या रांगेत नेऊ नका, धक्काबुक्की असते, पण दिंडीत राहिलं तर जागा आपसूक मिळते.

आमच्याकडं विसावा घ्या. आत्तापासून सांगून ठेवतो, गरम पाणी आणि बिनसाखरेचा चहा तयार ठेवीन.

गव्हाची_लोंबी:

माळशिरसकर दादा, हे आलटून पालटूनचं आम्हाला सुचलंच नव्हतं! दादाला लगेच फोन केला. तो तयार आहे, इतकंच नाही तर त्याचा आवाज बदलला, बाबांबरोबर एकदा तरी जायचं राहून गेलं म्हणाला. ठरलं असं: प्रस्थान ते सासवडचा दुसरा मुक्काम मी, तिथून फलटणपर्यंत दादा, मग पंढरपूरपर्यंत परत मी. प्रवासाचा दिवस धरूनही चौदाच्या आत बसतंय.

पाडव्यापासून आईने चालायला सुरुवात केलीये. पहिल्या आठवड्यात रोज तीन किलोमीटर, आता पाच. बूट घेतले, ती साडीवर बूट घालून गावातून चालायला लाजत होती म्हणून पहाटे अंधारात जायची, आता उजाडल्यावरही जाते. बरोबर शेजारच्या दोन काकू चालतात. तपासण्या झाल्या, पायाच्या संवेदना चांगल्या आहेत, एकादशीच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नाही ते डॉक्टरांनी लिहून दिलंय. घाटात जमलं नाही तर वडकीच्या विसाव्यापासून गाडीत बसेन असं तिने कबूल केलंय, देवापुढे उभं राहून.

शेवटचे दोन प्रश्न. पंढरपुरात दर्शन कसं करायचं? आणि आईला डोक्यावर तुळस घ्यायचीये. मानेला झेपेल का?

टाळकरी:

पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत आईंना उभं करू नका. आषाढीला ती रांग वीस-वीस तास आणि त्याहूनही जास्त चालते. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला डोकं टेकवायचं, कळसाचं दर्शन, जमलं तर मुखदर्शन. आमच्या फडावरची जुनी माणसं कळसाला हात जोडतात आणि तृप्त होऊन तळावर येतात. पायावर डोकं ठेवायचंच असेल तर नंतर एखाद्या साध्या दिवशी, वद्य पक्षात, दोघी एसटीने या. नदीत पाणी जास्त असेल तर काठावर बसून तांब्याने अंघोळ, आत उतरायचं नाही. परतीचं एसटीचं बुकिंग एकादशीच्या दिवसाचं करू नका, द्वादशीला पारणं सोडून निवांत निघा. जुने वारकरी पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यापर्यंत थांबतात पण तुमच्या सुट्टीत ते बसणार नाही.

तुळशीचं म्हणाल तर पितळी वृंदावन माती आणि रोपासकट जड होतं, दिवसभर डोक्यावर नको. दिंडीत बायका आळीपाळीने घेतात, एकीने एक-दोन किलोमीटर चालायचं की पुढची मागते, मागायच्या आधीच हात पुढे येतात. आईंनी सकाळी निघताना पहिला किलोमीटर घ्यावी, मान ताजी असते. खाली कापडाची चुंबळ नीट हवी, ती घरून वळून आणायला सांगा, विकतची घसरते. घाटात मात्र घ्यायची नाही, आणि माउलींच्या अश्वामागे रिंगणात पळायचं असेल तर आधी दादांना नाही, डॉक्टरांना विचारा.

गव्हाची_लोंबी:

चुंबळ तिने कालच वळली. बाबांच्या जुन्या धोतराची.